जंतू मारले, पण रक्त साकळेल ना?

पाऊस लांबला की नाशकात डेंग्यू वाढतो आणि रक्तपेढीच्या खिडकीशी रात्री उशिरापर्यंत गर्दी असते. मी तिथे रक्ताचे घटक वेगळे करायच्या खोलीत काम करते. मागच्या एका हंगामात निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार पुतण्यासाठी प्लेटलेट्स न्यायला आले होते. 'पांढऱ्या पेशी कमी झाल्यात' असंच ते म्हणत होते. आपल्याकडे बहुतेक लोक तसंच म्हणतात, पण डेंग्यूत पिशवी मागतात ती पांढऱ्या पेशींची नसते. ती असते प्लेटलेट्सची, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक कणांची. आणि आकडा खाली गेला म्हणून पिशवी लागतेच असंही नाही. रक्तस्राव होतोय का, हे डॉक्टर आधी बघतात.

पिशवीवरचं लेबल वाचत त्यांनी विचारलं, "ताई, एवढ्या टेस्टा करता, त्यापेक्षा पिशवीतच औषध का मारत नाही? आम्ही वेलीवरच्या डावणी रोगाला नाही का फवारा मारत?"

मी म्हटलं, "मारता येतं, दादा. पण डोस जरा जोरात बसला की पानाचं काय होतं?"

"स्कॉर्चिंग येतं, पान भाजतं," ते लगेच म्हणाले.

हा लेख त्या दोन वाक्यांबद्दल आहे. दान केलेल्या रक्तातले जंतू निष्क्रिय करायच्या पद्धती जगात आहेत, काही देशांत त्या सरसकट वापरल्या जातात. त्यांनी जंतू मरतात, पण रक्ताची साकळण्याची ताकदही थोडी भाजून निघते. किती, कोणत्या घटकाची आणि कोणत्या रुग्णाला ते जाणवतं, हे नीट समजून घेतलं की 'चांगलं की वाईट' या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

आधी टेस्टबद्दल. आपल्या देशात प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. पण तपासणी शोधते ते फक्त ज्याचं नाव यादीत आहे त्यालाच. डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्या यादीत नाहीत. शिवाय लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील, तर दात्याच्या रक्तात विषाणू असूनही टेस्ट निगेटिव्ह येते. त्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. विषाणूचा डीएनए-आरएनए थेट शोधणाऱ्या नॅट टेस्टने तो बराच आखडतो, पण पुरता मिटत नाही.

प्लेटलेट्सची अडचण आणखी वेगळी आहे. लाल पेशी फ्रीजमध्ये ठेवतात, प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा पिवळसर द्रव) गोठवून उणे तीस अंशांच्या खाली ठेवतात. प्लेटलेट्सना थंडी सोसत नाही. त्या गार केल्या तर रुग्णाच्या शरीरात गेल्यावर यकृत त्यांना झटपट बाजूला काढतं. म्हणून त्या २० ते २४ अंशांना, हळूहळू हलणाऱ्या ट्रेवर ठेवतात. म्हणजे ऊब आहे, अन्न आहे, हालचाल आहे. दात्याच्या कातडीवरून सुईबरोबर एखादा जिवाणू आत गेला असेल, तर त्यालाही तिथे सगळं आयतंच मिळतं. पाच दिवसांची मुदत आहे ती बऱ्याच अंशी या भीतीपोटी. रक्तातून होणारे संसर्ग म्हटलं की आपल्याला एचआयव्ही आठवतो, पण जिथे तपासणी कडक आहे तिथे आज जास्त धास्ती प्लेटलेट्समधल्या जिवाणूंची आहे.

साकळणं म्हणजे काय

जखम झाली की रक्त कसं थांबतं, हे समजायला वनराई बंधारा डोळ्यांसमोर आणा. पाऊस संपता संपता ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती भरून एकावर एक रचतात. प्लेटलेट्स म्हणजे त्या गोण्या. शिरेला भोक पडलं की त्या धावत येतात, कडेला चिकटतात, एकमेकींना धरतात. पण नुसत्या गोण्यांतून पाणी झिरपतच राहतं, आणि लोंढा आला तर त्या वाहूनही जातात. त्यांना आवळून धरायला जाळं लागतं. ते जाळं फायब्रिनचं.

हे जाळं रक्तात आधीपासून विणलेलं नसतं, नाहीतर शिरांमध्येच गुठळ्या झाल्या असत्या. प्लाझ्मात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखमेपाशी थ्रॉम्बिन तयार होतं, ते फायब्रिनोजेनचे टोकाचे तुकडे कापतं, आणि कापलेले रेणू आपोआप एकमेकांना जोडून धागे बनतात. मग फॅक्टर तेरा त्या धाग्यांना आडवे टाके घालतो. थ्रॉम्बिन पुरेसं आणि वेळेवर तयार व्हावं म्हणून आकड्यांची नावं असलेल्या घटकांची साखळी काम करते. त्यातला फॅक्टर आठ सगळ्यांत नाजूक. हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न साकळण्याच्या जन्मजात आजाराच्या, बहुतेक रुग्णांमध्ये तोच कमी असतो.

इतकंच असतं तर एकदा सुरू झालेलं साकळणं थांबलंच नसतं. म्हणून शरीरात ब्रेकही आहेत. प्रोटीन एस हा त्यातला एक. काम झाल्यावर गुठळी विरघळवायला प्लाझ्मिन आहे, आणि ते वेळेआधी सुटू नये म्हणून त्यालाही आवर घालणारं वेगळं प्रथिन आहे. हे ब्रेक लक्षात ठेवा. रक्ताची 'साकळण्याची गुणवत्ता' म्हणजे नुसती गुठळी होण्याची ताकद नव्हे. गुठळी हवी तिथे होणं आणि नको तिथे न होणं, ही दोन्ही कामं त्यात येतात.

जंतू कसे मारतात

दूध तापवतो तसं रक्त तापवलं तर? हा प्रश्नही खिडकीशी येतो, आणि तो अजिबात वेडगळ नाही. प्लाझ्मातून काढलेलं अल्ब्युमिन आजही ६० अंशांना १० तास तापवूनच देतात. अल्ब्युमिन ते सोसतं. फॅक्टर आठ सोसत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हिमोफिलियाच्या रुग्णांना हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनवलेली पावडर दिली जात होती, आणि त्यातून त्यांच्यातल्या असंख्य जणांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस झाला. ती पावडर तापवायचे प्रयोग झाले तेव्हा विषाणू मरत, पण फॅक्टर आठचा मोठा हिस्साही जाई. साखर आणि ग्लायसिन घालून त्याला सांभाळावं लागे. जंतू आणि गुणवत्ता यांचं हे भांडण तेव्हापासूनचं आहे.

त्यातून न्यूयॉर्क ब्लड सेंटरच्या बर्नार्ड हॉरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंना बाहेरून चरबीचं आवरण असतं. तेलकट भांडं आपण कशाने धुतो? त्याच तर्काने त्यांनी प्लाझ्मात चरबी विरघळवणारं द्रावण आणि साबणासारखा पदार्थ घातला. आवरण गेलं की विषाणू पेशीत शिरू शकत नाही. नंतर ती रसायनं काढून टाकतात. १९८५ मध्ये या पद्धतीने बनवलेल्या फॅक्टर आठला अमेरिकेत परवाना मिळाला. औषध म्हणून मिळणारे प्लाझ्माचे पदार्थ बनवताना ही सॉल्व्हंट-डिटर्जंट पद्धत आजही मोठ्या प्रमाणावर वापरतात.

पण ती प्लेटलेट्सना चालत नाही. प्लेटलेटचं आवरणही चरबीचंच आहे, विषाणूबरोबर तीही फुटेल. म्हणून प्रकाशाच्या पद्धती आल्या, आणि त्यामागची युक्ती मला फार सुंदर वाटते. जिवाणू असो, विषाणू असो की मलेरियाचा परजीवी, वाढायचं तर त्याला आपल्या डीएनएची किंवा आरएनएची नक्कल करावीच लागते. प्लेटलेटला केंद्रकच नसतं. प्लाझ्मा तर नुसतं द्रव. म्हणजे पिशवीतल्या डीएनए-आरएनएवर घाव घातला, तर तत्त्वतः फक्त नको असलेले पाहुणेच मरतील. दात्याच्या ज्या थोड्या पांढऱ्या पेशी पिशवीत उरतात, त्यांचीही वाढायची ताकद जाते, आणि तेही हवंच असतं. प्रतिकारशक्ती अगदी कमी असलेल्या रुग्णाच्या शरीरात त्या पेशी रुजून उलट रुग्णावरच हल्ला करतात. ते टाळायला एरवी पिशवीला गॅमा किंवा एक्स किरण द्यावे लागतात.

तीन रसायनं मुख्य आहेत. एक मिथिलीन ब्लू, शाळेत सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर टाकायचो तो निळा रंग. तो फक्त प्लाझ्मासाठी वापरतात, वर दृश्य प्रकाश देतात आणि शेवटी गाळणीने रंग काढतात. दुसरं रायबोफ्लेविन, म्हणजे साधं जीवनसत्त्व बी-२. त्यावर अतिनील प्रकाश देतात, आणि ते काढावं लागत नाही. तिसरं ॲमोटोसॅलेन. बावचीच्या बियांत जे सोरालेन असतं आणि कोडावरच्या उपचारात उन्हाबरोबर वापरतात, त्याच्याच घराण्यातलं हे माणसाने बनवलेलं रसायन. ते डीएनएच्या शिडीत पायऱ्यांच्या मधे जाऊन बसतं आणि अतिनील-ए प्रकाश पडला की शिडीच्या दोन्ही बाजूंना कायमचं जखडून टाकतं. नक्कल करायला शिडी उघडावी लागते, ती उघडतच नाही. उरलेलं रसायन शोषून घेणाऱ्या पदार्थाच्या पिशवीतून प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्स जाऊ देतात. द्राक्षवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. युरोपला माल पाठवायचा तर रेसिड्यू काढावाच लागतो.

मग भाजतं कुठे

तत्त्वतः फक्त डीएनएवर घाव, असं म्हटलं. प्रत्यक्षात प्रकाश आणि रंग एकत्र आले की ऑक्सिजनचं एक अतिशय आक्रमक रूप तयार होतं. मिथिलीन ब्लू आणि रायबोफ्लेविन या दोन्हींमध्ये हे जास्त घडतं. ते डीएनएला गाठतं, पण वाटेत भेटलेल्या प्रथिनालाही सोडत नाही. हिस्टिडिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन यांसारख्या अमिनो आम्लांवर त्याचा आधी डोळा असतो. प्लाझ्मातली सगळी प्रथिनं याने सारखी जखमी होत नाहीत. सगळ्यांत जास्त मार बसतो तो दोघांना: फायब्रिनोजेन आणि फॅक्टर आठ. पद्धत कोणतीही असो, ढोबळ हिशेब असा की प्रक्रियेनंतर या दोघांची ताकद साधारण दोन तृतीयांश ते चार पंचमांश उरते. ॲमोटोसॅलेनमध्ये हा आकडा पाऊण हिश्शाच्या आसपास असतो. बाकीचे बहुतेक घटक बऱ्यापैकी शाबूत राहतात.

फायब्रिनोजेनच्या बाबतीत एक गोष्ट प्रयोगशाळेत फार स्पष्ट दिसते. प्रक्रिया केलेल्या प्लाझ्मात फायब्रिनोजेनचं प्रथिन किती आहे, हे प्रतिपिंड वापरून मोजलं, तर आकडा जवळजवळ तेवढाच येतो. तेच क्लॉस पद्धतीने मोजलं, म्हणजे भरपूर थ्रॉम्बिन घालून गुठळी व्हायला किती सेकंद लागतात हे बघितलं, तर आकडा खाली येतो. म्हणजे प्रथिन हरवलेलं नाही, कामात मंदावलंय. थ्रॉम्बिन त्याचे तुकडे कापतं, पण कापलेले रेणू एकमेकांना पूर्वीच्या चपळाईने जोडले जात नाहीत. म्हणून कोणी 'प्रक्रियेने फायब्रिनोजेन कमी होत नाही' असं सांगितलं, तर आधी विचारावं की मोजलं कसं.

सॉल्व्हंट-डिटर्जंटचा मार वेगळ्या जागी बसतो. त्यात अनेक दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करतात, त्यामुळे एका पिशवीत फॅक्टर आठ भरपूर, दुसरीत कमी, असा फरक राहत नाही. एखाद्या दात्याच्या रक्तात रुग्णाच्या फुप्फुसांना सूज आणणारे प्रतिपिंड असतील तर तेही इतके पातळ होतात की धोका जवळजवळ राहत नाही. पण ब्रेकची प्रथिनं, म्हणजे प्रोटीन एस आणि प्लाझ्मिनला आवरणारं प्रथिन, या पद्धतीत बरीच घटतात. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेला असा एक प्लाझ्मा काही वर्षांतच बाजारातून गेला, कारण तो दिलेल्या काही रुग्णांमध्ये गुठळ्या झाल्याच्या नोंदी आल्या आणि त्यात प्रोटीन एस फार कमी असल्याचं दिसलं. पुढे प्रक्रिया सौम्य करून, प्रोटीन एसची किमान पातळी ठरवून आलेल्या प्लाझ्माला तिथे २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ब्रेक लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

आता प्लेटलेट्स. आमच्या खोलीत पिशवी बाहेर देण्याआधी एक साधी परीक्षा असते. पिशवी ट्यूबलाइटसमोर धरायची आणि हलकेच हेलकावायची. आतल्या प्लेटलेट्स तंदुरुस्त असतील तर रेशमी साडीचा पदर वळवल्यावर जशी झळाळी सरकते तशा चकाकत्या लाटा पिवळ्या द्रवातून फिरतात. याला आम्ही स्वर्लिंग म्हणतो. निरोगी प्लेटलेट चपट्या चकतीसारखी असते, वळली की प्रकाश परतवते. थकलेली, फुगून गोल झालेली प्लेटलेट तसं करत नाही, पिशवी मंद, गढूळ दिसते. ज्या दिवशी ती झळाळी दिसत नाही त्या दिवशी मशीनचा आकडा चांगला असला तरी माझा हात पिशवी पुढे करत नाही.

प्रकाशाची प्रक्रिया झालेल्या प्लेटलेट्स या थकव्याकडे जरा लवकर सरकतात. त्यांना केंद्रक नसलं तरी ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया असतात, आणि त्यात स्वतःचा डीएनए असतो, त्यालाही घाव बसतो. साखर जास्त जाळली जाते, लॅक्टिक आम्ल साठतं, काही प्लेटलेट्स पिशवीतच उत्तेजित होतात. शिवाय पिशवीतून पिशवीत ढकलताना काही प्लेटलेट्स नळ्यांत आणि शोषकात अडकून जातात. हे नुकसान जैविक नाही, पण हिशेबात येतंच.

याचा रुग्णाला त्रास होतो का? २००४ मध्ये अमेरिकेतल्या ६४५ रुग्णांवरची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्या रुग्णांना ॲमोटोसॅलेनच्या, अर्ध्यांना नेहमीच्या प्लेटलेट्स दिल्या. लक्षात येण्याजोगा रक्तस्राव झाला पहिल्या गटात ५८.५ टक्क्यांना, दुसऱ्यात ५७.५ टक्क्यांना, म्हणजे जवळजवळ सारखा. पण पिशवी दिल्यानंतर तासाभराने मोजलेली प्लेटलेट्सची वाढ पहिल्या गटात बरीच कमी होती, आणि त्यांना सरासरी ८.४ वेळा प्लेटलेट्स द्याव्या लागल्या, तर दुसऱ्यांना ६.२ वेळा. २०१८ मध्ये फ्रान्समधून ७९० रुग्णांची चाचणी आली. तिथे रक्तस्राव प्रक्रिया केलेल्या गटात ४७.९ टक्के आणि प्लाझ्मात साठवलेल्या नेहमीच्या प्लेटलेट्सच्या गटात ४३.५ टक्के होता. हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेतच आहे, असं ठामपणे म्हणता आलं नाही. गंभीर रक्तस्राव मात्र दोन्हीकडे क्वचितच झाला.

मला यातून दिसतं ते असं: प्रक्रिया केलेली पिशवी रक्त थांबवते, पण लवकर संपते. जिथे दाते भरपूर आहेत तिथे ही किंमत परवडते. जिथे सणासुदीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आधीच तुटवडा असतो, तिथे दर तीन पिशव्यांमागे एक पिशवी जास्त लागणं हे साधं नुकसान नाही.

मारुतीच्या गुडघ्यापर्यंत की गळ्यापर्यंत

पाव हिस्सा ताकद गेली हे ऐकून धडकी भरते. पण नाशिककरांना पातळीचा अर्थ दुसऱ्या कोणी शिकवायला नको. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण क्युसेक नाही विचारत, गोदापात्रातल्या उंच मूर्तीवरून 'दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?' हे विचारतो. गुडघ्यापर्यंत असेल तर सराफ बाजार निर्धास्त असतो. गळ्यापर्यंत चढलं की दुकानं रिकामी करायची धावपळ सुरू होते. तीच नदी, पण मधल्या पातळीला फारसं काही बिघडत नाही, आणि एका रेषेनंतर सगळंच बिघडतं.

साकळण्याच्या घटकांचंही असंच, फक्त उलट दिशेने. निरोगी माणसांत फॅक्टर आठ ५० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असतो. ओ गटाच्या लोकांत तो इतरांपेक्षा सरासरीने कमीच असतो, तरी त्यांचं काही अडत नाही. बहुतेक घटक तीसएक टक्क्यांपर्यंत उतरले तरी रक्त साकळतं. म्हणजे दोन दात्यांमधला नैसर्गिक फरक हा प्रक्रियेने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठा असू शकतो. दुसरी तुलना आमच्या रोजच्या कामातली आहे. शिबिरातून आलेल्या रक्तातला प्लाझ्मा सहा-आठ तासांच्या आत वेगळा करून गोठवायचा असतो. चोवीस तासांनी केला तर फॅक्टर आठ साधारण १५ ते २५ टक्के घटतो, म्हणजे प्रक्रियेइतकंच नुकसान नुसत्या उशिराने होतं. सुरगाण्याच्या शिबिरातून निघालेली गाडी घाटात अडकली की माझा जीव खालीवर होतो तो यासाठी.

युरोपातल्या मानकांनी हे सरळ मान्य केलंय. नेहमीच्या गोठवलेल्या प्लाझ्मात १०० मिलीमागे किमान ७० युनिट फॅक्टर आठ हवा, तर जंतुनिष्क्रिय केलेल्यात ५० चालतो. आणि खरं सांगायचं तर फॅक्टर आठच्या घटीची मला फार काळजी वाटत नाही. हिमोफिलियाच्या रुग्णाला आज प्लाझ्मा द्यायचाच नसतो, त्याच्यासाठी फॅक्टरचं इंजेक्शन असतं.

काळजी फायब्रिनोजेनची आहे. मोठा रक्तस्राव होतो तेव्हा धोक्याच्या रेषेपर्यंत सगळ्यांत आधी घसरतो तो हाच घटक. बाळंतपणात तर त्याची गरजच जास्त असते. एरवी लिटरमागे २ ते ४ ग्रॅम असणारं फायब्रिनोजेन गरोदरपणाच्या शेवटी ४ ते ६ ग्रॅमपर्यंत चढतं, शरीर जणू आधीच तयारीत असतं. प्रसूतीनंतर रक्त वाहत असताना ते २ ग्रॅमच्या खाली गेलं, तर परिस्थिती गंभीर होणार याचा तो ठळक इशारा असतो.

आता हिशेब करू. प्लाझ्माच्या एका पिशवीत सुमारे २०० मिली द्रव, त्यात लिटरला अडीच ग्रॅमने अर्धा ग्रॅम फायब्रिनोजेन. साठ किलोच्या बाईला किलोमागे १०-१५ मिलीच्या हिशेबाने चार पिशव्या दिल्या तर २ ग्रॅम मिळतं. प्रक्रिया केलेला प्लाझ्मा असेल तर दीड ग्रॅम. तीन लिटरच्या आसपास प्लाझ्मा असलेल्या शरीरात या अर्ध्या ग्रॅमने लिटरमागे दीड-दोन दशांशांचा फरक पडतो. साध्या, हळू वाहणाऱ्या प्रसंगात तो जाणवणार नाही. जी बाई रेषेवर उभी आहे तिला जाणवेल. अशा वेळी प्लाझ्माच्या पिशव्या वाढवत बसण्यात अर्थ नसतो, पाण्याचाच भार वाढतो. क्रायो द्यावं लागतं.

क्रायो म्हणजे क्रायोप्रेसिपिटेट. गोठवलेला प्लाझ्मा फ्रीजच्या थंडीत हळूहळू वितळू दिला की तळाशी पांढरट, चिकट साका उरतो, दुधाच्या पातेल्याला साय धरावी तसा. फायब्रिनोजेन, फॅक्टर आठ, फॅक्टर तेरा या साक्यात एकवटतात. स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांना हे १९६० च्या दशकाच्या मध्यात लक्षात आलं. एका पिशवीत जेमतेम १५-२० मिली असतं. अडचण एकच, वितळवलं की चार ते सहा तासांत वापरावं लागतं, कारण उबेत जिवाणू वाढण्याची भीती. म्हणून कोणीही ते आधी वितळवून ठेवत नाही. फोन आला की पाण्याच्या ३७ अंशांच्या टबात पिशव्या सोडायच्या आणि घड्याळाकडे बघत उभं राहायचं.

आणि इथेच प्रक्रियेचं पारडं अचानक जड होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ॲमोटोसॅलेन-प्रक्रिया केलेल्या प्लाझ्मापासून बनवलेल्या क्रायोला मान्यता मिळाली, आणि ते वितळवल्यावर साध्या खोलीच्या तापमानाला पाच दिवस ठेवता येतं. जिवाणूंची भीती नाही म्हणून मुदत वाढली. अनेक दात्यांचा वाटा एकत्र केल्याने प्रक्रियेत गेलेल्या फायब्रिनोजेनची भरपाईही करता येते. टक्क्यात तोटा, वेळेत नफा.

नफ्याच्या बाजूला आणखी बरंच आहे. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर चिकुनगुन्याची एवढी मोठी साथ आली की तिथलं रक्त गोळा करणंच थांबवावं लागलं. तेव्हा ॲमोटोसॅलेनच्या पद्धतीने तिथे प्लेटलेट्सची सोय झाली. स्वित्झर्लंडने २०११ पासून आणि फ्रान्सने २०१७ च्या अखेरपासून सगळ्या प्लेटलेट्सना ही प्रक्रिया लावली. पण ही पद्धत सगळ्यांवर चालत नाही. हिपॅटायटिस ए आणि ई, पार्व्होव्हायरस बी-१९ हे चरबीचं आवरण नसलेले कणखर विषाणू तिला दाद देत नाहीत. काही जिवाणूंचे बीजाणूही देत नाहीत. लाल पेशींसाठी तर रोजच्या वापरातली पद्धत अजून नाहीच, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त पिशव्या लागतात त्या लाल पेशींच्याच. मिथिलीन ब्लूच्या प्लाझ्माचा वापर फ्रान्सने २०१२ मध्ये ॲलर्जीच्या तक्रारींमुळे बंद केला, तर इतर काही देशांत तो चालू राहिला. एकाच पद्धतीबद्दल दोन देशांचा निर्णय वेगळा असू शकतो, त्याचं कारण त्यांची गरज वेगळी असते.

आपल्याकडे जंतुनिष्क्रियीकरण सक्तीचं नाही, सरसकट वापरातही नाही. आज कोणी मला विचारलं की नाशकात पहिली सुरुवात कशापासून व्हावी, तर मी क्रायो म्हणेन. पेठ किंवा सुरगाण्याहून घाट उतरून ॲम्ब्युलन्स निघते, आतल्या बाईची पिशवी-पिशवीने घसरण चालू असते. वॉर्डातून फोन येतो, "क्रायो काढा, रस्त्यात आहेत." टबातल्या पिशव्या मी हाताने हलवत असते, आतला पांढरा गोळा कडेकडेने विरघळत जातो, आणि वीस-पंचवीस मिनिटं त्याहून लवकर काहीच होत नाही. ती पिशवी टेबलावर आधीच वितळलेली, तयार ठेवता आली असती, तर थोडं कमी फायब्रिनोजेन असलं तरी मी तीच उचलून दिली असती.